लाल गाडीची बॅटरी

९ जुलै

वर-खाली होणारा लोखंडी पलंग आला बारामतीहून. तो आत घ्यायचा म्हणून ह्यांची खोली रिकामी केली. सोल्डरिंगचं टेबल पडवीत, स्क्रूच्या बरण्या गिरणीत पिठाच्या डब्यांमागं. माळ्यावरची लाकडी पेटी पण खाली काढली. तिच्यात लाल गाडी. रिमोटवर पळणारी, जपानी, हातभर लांब. माझ्या लग्नाच्या आधीपासून ह्या घरात आहे, म्हणजे मला सीनियरच. पोटातली बॅटरी फुटून हिरवट पावडर सगळीकडं सांडलेली. हात साबणानं धुतले तरी वास जाईना.

हे खुर्चीत बसून पंख्याकडं बघत होते. मे महिन्यात झटका आला, तेव्हापासून उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एक शब्द राहिला, बरं. पलंग आवडला का, बरं. पाणी देऊ का, बरं. घर पेटलंय म्हटलं तरी बरं म्हणतील.

पेटी भंगारात द्यायची. भंगारवाला या आठवड्यात फिरकलाच नाही.

१२ जुलै

फिजिओची पोरगी येऊन गेली. स्कूटीवर येते बारामतीहून. गोड बोलते. पाय सुधारतोय म्हणाली, धरून उभे राहतील. हाताचं मात्र...

"काकू, काकांची पकड भरपूर आहे. मूठ उघडत नाही, हा प्रॉब्लेम आहे."

ते मला रोज दिसतंच. स्पंजचा चेंडू दिला की घट्ट धरतात आणि तसेच बसतात. मग मी एकेक बोट उचकटून चेंडू काढायचा. तिचं म्हणणं, एकदा तरी मूठ त्यांची त्यांनी उघडली पाहिजे. मग त्यावर पुढचं काम करता येतं. दिवाळीपर्यंत नाही उघडली तर हात आखडत जाईल, मग पट्ट्या बांधून नुसता सरळ ठेवायचा.

विचारलं, त्यांची त्यांनी म्हणजे कशी. म्हणाली, सोडावंसं वाटलं पाहिजे त्यांना.

वाटण्याचंच अवघड आहे या घरात. मलाही हल्ली काही वाटत नाही. गिरणी चालू करते, दळते, बंद करते. रडू येईल असं वाटलं होतं. दवाखान्यात आलं नाही, घरी आल्यावर आलं नाही, आता त्याची वाट बघायचं सोडलं.

१५ जुलै

सकाळी चहा पाजताना पदर त्यांच्या उजव्या हातात गेला आणि मूठ बसली. बाहेर गिरणीपाशी बाई ज्वारी घेऊन हाका मारतेय. बोटं उचकटायची तर दोन्ही हात लागतात, कप ठेवायला जागा नाही. आणि खरं सांगायचं तर उचकटावंसंच वाटेना. रोज काय तेच ते. उभी राहिले तशीच. ह्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग परत पंखा.

शेवटी उचकटली. तळहातात नखांचे वण उठलेत. दुपारी नखं कापली.

शुभाचा फोन पुण्याहून. "आई, दिवाळीनंतर बाबांना इकडं आणू. सेंटर बघून ठेवलंय मी. तू एकटी किती दिवस करणार?" बघू म्हटलं. लेक काळजीनं बोलते, तिला तोडून बोलवत नाही. गिरणीला कुलूप लावून पुण्यात मी काय करायचं, ते मात्र ती सांगत नाही.

२१ जुलै

मेहबूबभाई आले इंदापूरहून. स्टँडमागं त्यांचं बॅटऱ्यांचं दुकान आहे. ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या, आता जास्त करून फवारणीच्या पंपांच्या. ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. दत्ता, दत्ता करत ह्यांच्याशी पुष्कळ बोलले, म्हणजे एकटेच बोलले. हे बरं, बरं म्हणत होते.

जाताना पडवीत पेटी दिसली. "आरं, लाल्या हाय की अजून."

मेहबूबभाईंच्या थोरल्या भावानं मस्कतहून दोन गाड्या आणल्या होत्या, ह्यांना लाल आणि मेहबूबभाईंना निळी. हे तेव्हा साखर कारखान्यात इलेक्ट्रिकलला. हंगाम नसला की उसाच्या गाड्या उभ्या करायचा गाडीतळ मोकळा पडलेला असतो, तिथं दोघं अंधार पडेपर्यंत पळवत बसायचे. मी भाकरी झाकून ठेवायची.

मेहबूबभाईंनी रिमोट पुसला. पिस्तुलाच्या घाटाचा आहे. बाजूला छोटं चाक, ते फिरवलं की गाडी वळते. बोटाशी ट्रिगर, ओढला की पळते, सोडला की थांबते. खरं म्हणजे डाव्या हातात धरायचा असतो. त्यांनी गंमत म्हणून ह्यांच्या उजव्या मुठीत बसवला. बोट ट्रिगरवर गेलं आणि कट्ट झालं.

हे रिमोटकडं बघायला लागले. पंखा सोडून पहिल्यांदा कशाकडं तरी बघत राहिले. मेहबूबभाईंनी तोंड फिरवून रुमाल काढला. मी रिमोट काढून घ्यायला लागले, बोटं उचकटून.

२२ जुलै

भंगारवाला आला होता. पेटी दिली नाही.

मेहबूबभाईंना फोन केला, गाडी परत चालेल का म्हणून. काही आशा वाटली म्हणून नाही. चेंडूपेक्षा बरं, एवढंच.

"गाडीला काय धाड भरलीया वैनी, बॅटरी मेलीया निस्ती. तसल्या आता मिळत न्हाईत. लिथियम टाकू. पंपाला रोज टाकतोय की मी."

२९ जुलै

काय टाकलं ह्या माणसानं. फवारणीच्या पंपाची तयार बॅटरी आणली आणि रबरानं गाडीच्या पाठीवर बांधली. अंगणात ठेवली, रिमोट ह्यांच्या मुठीत दिला. ह्यांनी ट्रिगर ओढला आणि गाडी दिसलीच नाही. एकदम गिरणीच्या पायरीवर जाऊन आदळली, उलटी झाली, चाकं हवेत गरगर. हे ट्रिगर धरूनच. सुटतंय कुठं. मोटरीपाशी पांढऱ्या चिनी मातीचा एक तुकडा असतो, वेग कमी-जास्त होतो तो त्याच्यातून. त्यातून धूर. मी धावत जाऊन वायर उपटली. अंगठा भाजला.

विचारलं, जुनी किती व्होल्टची होती. सातची. आणि ही? बाराची.

"बघू म्हणलं, पळतीया का."

पंप आणि गाडी यात फरक असतो हे बॅटरीवाल्याला मी सांगायचं. गिरणीला कुणी असा जास्त दाब दिला असता तर जातं फुटलं असतं. बरंच बोलले. मेहबूबभाई मान खाली घालून ऐकत होते, आणि मागून ह्यांचं आलं, बरं.

४ ऑगस्ट

यस्टीनं इंदापूरला गेले. शेजारच्या नंदाला ह्यांच्यापाशी बसवलं. गाडी पिशवीत, वर कोथिंबीर ठेवली. उगीच कुणी विचारायला नको.

दुकानात नवा घोळ. बाजारात मिळणारी सातची लिथियम बॅटरी चपटी, विटेसारखी. गाडीच्या पोटातली जागा जुन्या गोल बॅटरीसाठी, खाली पन्हाळी. मेहबूबभाई म्हणाले कापू थोडं पोट. मी नको म्हटलं. हे शुभाला सुद्धा त्या गाडीला स्टिकर लावू द्यायचे नाहीत. आणि आज बोलता येत नाही म्हणून आपण कापायचं, हे मला पटेना.

मग त्यांनी सुटे गोल सेल काढले, नळ्यांसारखे. दोन लांबीत, त्याला लागून आणखी दोन. पन्हाळीत बसले. थोडी फट राहिली तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा. जोडताना मी धरून बसले होते. संरक्षणाचं छोटं बोर्ड असतं ते पण लावलं, पण मोटर उचलताना जोर घेते आणि बोर्ड लगेच बंद पाडतं. काढून टाकलं.

जळालेला तुकडा कुठं मिळेना. मेहबूबभाईंनी कपाटावरून निळी गाडी काढली, तिच्यातला उपसला.

"आपली कुठं पळतीया आता. दत्ताची पळू दे."

चहा पाजला. परतीच्या यस्टीत जागा मिळाली.

७ ऑगस्ट

गाडीतळावर गेलो. ह्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून मी ढकलत, मेहबूबभाई गाडी घेऊन पुढं. मुरमाचं मोकळं मैदान, कडेला बाभळी, पलीकडं कारखान्याची गार चिमणी. वॉचमन ह्यांना ओळखतो, फाटक उघडून दिलं.

ह्यांच्या उजव्या मुठीत रिमोट. डावा हात चाकापर्यंत नीट पोचत नाही, म्हणून चाक मी फिरवायचं. म्हणजे पळवणार हे आणि वळवणार मी. बारीक गुंजारव करत गाडी निघाली. छान आवाज. गिरणीत बसून बसून माझा कान तयार आहे, मोटर कुरकुरत असली की कळतं. ही कुरकुरत नव्हती.

पळाली खरी, पण थांबवायची कशी? ट्रिगर सुटत नाही. मी म्हणते सोडा, हे म्हणतात बरं, बोट तिथंच. मग मी आपली गोल गोल फिरवत राहिले. गाडीतळाला फेऱ्यांवर फेऱ्या. मेहबूबभाई बाभळीखाली बसून हसतायत. शेवटी गाडी मधोमध एकदम थांबली. बॅटरी संपली.

ह्यांचा चेहरा बघितला. काही कळलं नाही. पण पंखा नसताना आकाशाकडं बघत नव्हते, गाडीकडं बघत होते.

८ ऑगस्ट

बॅटरी मेली. चार्जरला लावली, तो घेईचना. फोनवर मेहबूबभाई म्हणाले, लिथियम पार तळापर्यंत ओढलं की उठत नाही परत, ते बोर्ड काढलं तिथंच चुकलं.

"जुनी बॅटरी दमायची वैनी. गाडी हळूहळू मंद व्हायची, आपल्याला कळायचं. हिचं तसं न्हाय. शेवटपर्यंत तेवढाच जोर, आन् मग एकदम न्हाय."

फोन ठेवला आणि गिरणीत जाऊन बसले. झटका आला त्या सकाळी ह्यांनी गव्हाचं पोतं उचलून दिलं होतं. मी म्हटलं राहू द्या, तर हसले. मला कुणी काही कळवलं नाही आधी, ह्यांनी नाही, डॉक्टरांनी नाही. राग आला. कुणावर काढायचा? नंदाचं दळण तसंच राहिलं, संध्याकाळी दिलं.

१७ ऑगस्ट

नवी बॅटरी. आता तिला एक बोटाएवढा बझर लावलाय. बॅटरी खाली आली की ओरडतो, वर आकडा पण दिसतो. ओरडला की मी बोट उचकटायचं आणि घरी यायचं.

शुभाला सांगितलं नाही अजून. बाबा काय करतात विचारते. मी म्हणते, फिरायला नेते.

२३ ऑगस्ट

फिजिओच्या पोरीला गाडीतळावर नेलं. तिला भलतंच आवडलं. मोबाईलवर शूटिंग केलं. "काकू, हेच पाहिजे होतं. आता प्रत्येक फेरीला सोडा म्हणायचं. पण बोटाला हात लावायचा नाही. थांबायचं."

थांबायला माझी ना नाही. गाडी थांबत नाही.

सोडा. बरं. सोडा. बरं. म्हणून म्हणून दमले. वॉचमन म्हणाला, काकी, त्यास्नी सोडायचं नसंल. मला हे सुचलंच नव्हतं.

३० ऑगस्ट

आज वळणावर गाडीचं एक चाक उचललं. मी चाक जास्त फिरवलं होतं मुद्दाम. हसू आलं. कुणी हसलं म्हणून बघितलं तर मीच.

नंदा विचारत होती, रोज कुठं जाता दोघं नटून. नटून कसलं, पातळ बदलते फक्त.

६ सप्टेंबर

आज भयंकर झालं असतं.

नवा चार्जर मेहबूबभाईंकडं राहिला होता, पिन बदलायला. ह्यांच्या सामानात जुना चार्जर सापडला. पिन बसली. लाईट नव्हती. आपण विहिरीच्या मोटरीला करतो तसंच केलं, बटण चालूच ठेवलं, लाईट आली की आपोआप होईल. आणि गिरणीत गेले. लाईट आली, माझं जातं पण सुरू झालं, त्या आवाजात काही ऐकू येईना. ह्यांनी हाक मारली तरी मला आली नसती. हाक तरी काय, बरं.

गोड गोड वास आला म्हणून आत आले. पलंगापाशी टेबलावर बॅटरी फुसफुसत होती, वरचं निळं आवरण वितळून टेबलाला चिकटलेलं. हे तिच्याकडं बघत होते. डाव्या हातानं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं होतं. सांडशीनं धरली आणि अंगणात राखेच्या ढिगात फेकली. तिथं भडकली.

मेहबूबभाई आले तासाभरात. पांढरे पडले होते. "जुन्या चार्जरला कळत न्हाय वैनी, भरलंय कवा ते. भरतच ऱ्हातोय. म्या सांगायला पायजे हुतं."

ह्यांच्या खोलीला अजून वास आहे. खिडक्या उघड्या ठेवल्यात. घरातली सगळी भांडी काढून घासली.

७ सप्टेंबर

नंदानं शुभाला कळवलं. शुभा बोलली मला. बोलायलाच पाहिजे होतं, मी असते तर जास्त बोलले असते. "खेळण्यापायी बाबांना जाळणार होतीस का?" शेवटी म्हणाली, दिवाळीनंतर नेणारच, आता विचारत नाही.

बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं कुणासारखं म्हटलं ते.

१८ सप्टेंबर

गाडी पेटीत. हे परत पंख्याकडं. ताप येऊन गेला मध्ये, हात जास्तच आवळलाय. पोरगी म्हणाली काकू, मागं गेलो आपण. स्पंजचा चेंडू परत सुरू. उचकटते. देते. उचकटते.

काही वाटत नाही म्हणून लिहायचं पण सोडलं होतं. आज लिहिलं कारण पेन हाताशी होतं.

२७ सप्टेंबर

सकाळी ह्यांना आंघोळ घालून खुर्चीत बसवलं, तर डाव्या हातानं खुर्चीचं चाक ढकलत, डाव्या पायानं रेटा देत पडवीत. एकटे. पेटीपाशी जाऊन थांबले. काय हवंय? बरं. गाडी? बरं. मी म्हटलं, बॅटरी नाही. बरं. तिथंच बसून राहिले, जेवायला आत येईनात.

मेहबूबभाईंना फोन. ते तयार नव्हते. "वैनी, माझा हात चालत न्हाय आता त्याला. दत्ताला काय झालं असतं तर?" मग मीच म्हटलं, मला शिकवा सगळं. किती भरायचं, कितीला थांबायचं. मी बसेन समोर, कुठं जाणार नाही.

४ ऑक्टोबर

शिकले. मेहबूबभाईंनी बॅटरी नवी करून दिली, नवा चार्जर ती भरली की आपला आपण थांबतो. तरी मी अंगणात मातीच्या कुंडीत बॅटरी ठेवून समोर पाट टाकून बसते. तेवढा वेळ गिरणी बंद. बाया कुरकुरतात. नंदा म्हणते, अंडी उबवायला बसल्यासारखी बसतेस.

शुभाला मीच फोन करून सांगितलं. आधी सगळं खोदून खोदून विचारलं. मग म्हणाली, बाबांची मूठ उघडली तर मी काही बोलणार नाही, तिथंच राहा. नाही तर मग माझं ऐकायचं.

ठीक आहे. सौदा झाला.

११ ऑक्टोबर

गाडीतळ साफ करायला माणसं लागलीत. बॉयलर पेटला, चिमणीतून धूर सुरू. उसाची पहिली मोळी टाकली की हंगाम चालू, मग तिथं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. वॉचमन म्हणाला, "काकी, वीस तारखेच्या सोमवारपासनं गाड्या लागत्याल. मग हितं न्हाय जमायचं."

सोमवारपर्यंत काय होणार आहे. तरी रोज जातोय.

सोडा. बरं.

१८ ऑक्टोबर

आज शनिवार. उद्याचा दिवस धरला होता, पण गाड्या आजच यायला लागल्या.

आम्ही नेहमीसारखे दोघंच. मेहबूबभाईंचं दुकान चालू, त्यांना येता आलं नाही. गाडी पलीकडच्या बाभळींपर्यंत गेली होती. फाटकातून ट्रॅक्टर आत शिरला, मागं दोन ट्रॉल्या उसानं भरलेल्या, वर टेप मोठ्यांदा लावलेला. ड्रायव्हर वर बसलेला, त्याला हातभर लांबीची लाल गाडी काय दिसणार. मी चाक सोडून धावले. हात वर करून ओरडत. पदर सुटला, चप्पल राहिली. त्याला ऐकू येईना. आणि चाक सोडल्यामुळं गाडी सरळ ट्रॅक्टरच्या वाटेवर निघाली, हे ट्रिगर धरून बसलेले, सोडणार थोडेच.

मला वाटलं गेली. पहिल्यांदाच इतक्या दिवसांत मला काहीतरी खूप वाटलं. नको नको असं मोठ्यांदा म्हणाले मी.

गाडी थांबली.

ट्रॅक्टरचं मोठं चाक शेजारून गेलं. मुरूम उडाला तो गाडीवर पडला. ड्रायव्हरनं पुढं जाऊन ब्रेक मारला, खाली बघितलं, "आवं मावशी, मरायचंय व्हय?" म्हणाला. मी गाडी उचलली. बझर ओरडत नव्हता. आकडा बघितला, बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली. वायरी जागच्या जागी.

मग मागं बघितलं. हे लांब, खुर्चीत. वॉचमन फाटकापाशी ट्रॅक्टरवाल्याला शिव्या देत होता, ह्यांच्याजवळ कुणी नाही. चालत परत आले. रिमोट ह्यांच्या मांडीवर पडला होता. मूठ त्याच्या शेजारी, परत बंद.

म्हटलं, तुमी सोडलं?

बरं.

तिथूनच पोरीला फोन लावला. ती आधी ओरडली आनंदानं, मग सावकाश झाली. "काकू, कधी कधी दचकलं की पण उघडते. आपोआप. ते हिशेबात धरता येत नाही. परत होतंय का बघा. काही उचकटू नका, फक्त बघा."

दचकले की सोडलं? मी बघितलं नाही. नेमकं तेव्हा मी त्यांच्याकडं पाठ करून धावत होते.

शुभाला काय सांगू? अजून सांगितलं नाही.

घरी आलो. पलंगावर टेकवलं. रिमोट द्यावा म्हटलं, पण गाडीशिवाय रिमोट म्हणजे खोटं. मग पदर दिला. त्यांच्या उजव्या तळव्याखाली सरकवला, मूठ बसली. म्हटलं, हा माझा आहे, पाहिजे मला. सोडाल तेव्हा उठेन.

पलंगाच्या कडेला बसून हे लिहितेय, वही मांडीवर. ह्यांनी पंख्याकडं बघितलं नाही अजून. मुठीकडं बघतायत. अंगठा हलल्यासारखा वाटला मघाशी, किंवा मीच ओढला असेन पदर श्वास घेताना. बाहेर बाया दळण घेऊन आल्यात, हाका मारतायत. एकीनं दार वाजवलं. म्हटलं थांबा जरा.

ह्यांना म्हटलं, घाई नाही.

म्हणाले, बरं.